काळा दगड, काळी माती आणि ए.टी. टायर

पुण्यातून कोणत्याही दिशेला गाडी काढा, चाकाखाली दगड एकच असतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तयार झालेला बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. डांबरात मिसळलेली खडी त्याचीच. गावरस्त्यावर पसरलेला मुरूम म्हणजे अर्धवट कुजलेला बेसाल्ट. दौंड-इंदापूरची काळी माती हे त्याचं पार झिजलेलं रूप, आणि महाबळेश्वरच्या पठारावरचा जांभाही त्याच्यातूनच झालेला. एस.यू.व्ही.ला ऑल-टेरेन, म्हणजे ए.टी. टायर टाकावेत का, या प्रश्नाचं उत्तर मला इथूनच शोधावंसं वाटतं. टायरची नक्षी जमीन पाहून ठरते, आणि आपली जमीन ही अशी आहे.

टायरच्या दुकानात उभं राहिलं की ऐकू येतं, "साहेब, ए.टी. टाका, गाडी भारी दिसते आणि कुठंही जाते." भारी दिसते हे खरं आहे. कुठंही जाते का, याचा मात्र हिशेब मांडावा लागतो, कारण त्यासाठी पैसे मोजायचे आहेत आणि पावसात ब्रेक दाबल्यावर गाडी कुठे थांबणार हेही त्यावरच ठरणार आहे.

नेहमीचा रस्त्यावरचा टायर, ज्याला एच.टी. म्हणतात, आणि ए.टी. शेजारी ठेवून पाहा. एच.टी.वर लांब सलग पट्टे आणि बारीक चर दिसतात. ए.टी.वर रबराचे सुटे ठोकळे, त्यांच्यामध्ये रुंद खाचा आणि खांद्यावर, म्हणजे नक्षी बाजूच्या भिंतीला मिळते तिथे, दातेरी कडा. खाचांची खोलीही जास्त असते. एच.टी.ची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल, तर ए.टी.ची १० ते १२ च्या घरात. एम.टी., म्हणजे निव्वळ चिखलाचा टायर, याच्याही पुढे जातो. खाच वाढली की जमिनीला टेकणारं रबर कमी होतं. सगळी देवाणघेवाण इथून सुरू होते.

आधी डांबर घेऊ, कारण ताम्हिणीला जाणारी गाडीसुद्धा बहुतेक अंतर डांबरावरच कापते. शाळेत आपण शिकलो की घर्षण हे टेकणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. रबर हा नियम पाळत नाही. खडीच्या बारीक टोकांवर रबर दाबलं जातं, त्यांच्याभोवती आकार घेतं, आणि टोक पुढे सरकल्यावर मूळ आकारात यायला थोडा वेळ लावतं. या उशिरात ऊर्जा खर्च होते आणि तीच आपल्याला पकड म्हणून मिळते. रबरावरचा दाब वाढत गेला की घर्षणाचा गुणांक घटत जातो. ए.टी.मध्ये तेच वजन कमी रबरावर येतं, म्हणून प्रत्येक ठोकळ्यावर दाब जास्त. शिवाय उंच सुटा ठोकळा ब्रेक दाबल्यावर वाकतो. ए.टी. टाकल्यावर स्टिअरिंग थोडं सैल वाटतं ते यामुळे. वाकताना आणि परत सरळ होताना जी ऊर्जा उष्णता होऊन जाते, ती डिझेलमधूनच आलेली असते. गडगडण्याला होणारा विरोध १० टक्क्यांनी वाढला तर इंधनाचा खर्च साधारण १ ते २ टक्क्यांनी वाढतो.

पाऊस पडला की दोन वेगळे प्रश्न उभे राहतात, आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिला प्रश्न साचलेल्या पाण्याचा. समजा रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आहे, टायरचा ठसा, म्हणजे जमिनीला टेकणारा भाग, २० सेंटिमीटर रुंद आहे आणि वेग ताशी ८० किलोमीटर आहे. पुढच्या एका टायरला दर सेकंदाला सुमारे १३ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. ठसा साधारण ११ सेंटिमीटर लांब असतो, म्हणजे एखादा ठोकळा जमिनीला टेकतो आणि उचलला जातो यात सेकंदाचा दोनशेवा भागच जातो. तेवढ्या वेळात पाणी खाचांमधून निघालं नाही, तर टायर पाण्यावर चढतो आणि स्टिअरिंगचा रस्त्याशी संबंध सुटतो. विमानांच्या टायरवर प्रयोग करताना नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात यासाठी एक साधं सूत्र काढलं. टायरमधल्या हवेच्या दाबाचं, म्हणजे पी.एस.आय.चं, वर्गमूळ घ्यायचं आणि त्याला १६.७ ने गुणायचं. टायर गुळगुळीत असेल किंवा पाणी नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त असेल, तर ताशी तेवढ्या किलोमीटरच्या आसपास टायर तरंगू लागतो. हवा ३३ असेल तर हा वेग ९६ येतो. हवा २० वर आणली असेल तर ७५. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा, त्याची गरज पुढे लागेल. या पहिल्या प्रश्नात ए.टी.च्या रुंद, खोल खाचा खरोखर उपयोगी पडतात.

दुसरा प्रश्न पातळ ओलाव्याचा. पाणी साचलेलं नाही, रस्ता नुसता भिजून चकचकतोय. वरंधा किंवा ताम्हिणीच्या वळणांवर पावसाळ्यात बहुतेक वेळ असंच असतं. वर्षानुवर्षे चाकं घासून खडीची टोकं गुळगुळीत झालेली असतात आणि त्यांच्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. इथे खोल खाचेचा फारसा उपयोग नाही. हा पापुद्रा फोडायला लागतात ठोकळ्यांवरच्या केसासारख्या बारीक चिरा, आणि खडीवर झटकन दबेल असं रबर. ए.टी.चं रबर मात्र दगडाने टवके उडू नयेत म्हणून चिवट बनवलेलं असतं. म्हणूनच ओल्या डांबरावर ब्रेक लावला की बरेच ए.टी. चांगल्या एच.टी.पेक्षा उशिरा थांबतात. एम.टी. त्याहून उशिरा. घाटात पावसाळी सहलीसाठी म्हणून एम.टी. घालणाऱ्याची मला खरंच काळजी वाटते. त्याला ज्या क्षणी पकड सगळ्यात जास्त हवी असते, नेमकी त्याच क्षणी ती कमी मिळते.

आता भूगोल पाहा. पुणे जिल्ह्यात पाऊस पश्चिमेला कोसळतो. शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास, आणि ताम्हिणीत त्याच्या कितीतरी पट. पण मुळशी, वेल्हे, मावळात उतार तीव्र आहे, माती तांबूस आणि थोडी, खाली लगेच खडक. भातखाचरं सोडली तर चाकाखाली येतो तो दगड, मुरूम आणि त्यावरचा चिखलाचा पातळ थर. खरी खोल काळी माती पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात, जिथे पाऊस थोडा पडतो. म्हणजे ज्या घाटासाठी लोक चिखलाचे टायर घेतात तिथे चिखल उथळ असतो, आणि उसाच्या शेतातल्या ज्या पाणंदीत गाडी खरोखर रुतते, ती पाणंद दौंडला असते.

काळी माती रुततेच का, हे समजून घेण्यासारखं आहे. बेसाल्ट झिजून तिच्यात स्मेक्टाइट गटातली चिकणखनिजं तयार होतात. त्यांचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असतात आणि पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ती फुगतात. उन्हाळ्यात याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात त्या मिटतात. जमिनीची चाकाला धरून ठेवण्याची ताकद दोन गोष्टींतून येते, कणांमधलं घर्षण आणि कणांचा चिकटपणा. वाळूत जवळजवळ सगळं काम घर्षणाचं, म्हणून चाकावर वजन पडलं की पकडही वाढते. पाण्याने तुडुंब भरलेल्या काळ्या मातीत घर्षणाचा वाटा जवळपास शून्यावर येतो, कारण चाकावर पडलेलं वजन कणांऐवजी त्यांच्यामधलं पाणी पेलतं. वजन वाढवून काही मिळत नाही. वाढवता येतं ते फक्त क्षेत्रफळ. रुतलेल्या गाडीच्या डिकीत चार माणसं बसवण्याचा उपाय या मातीत म्हणूनच फसतो. जमीन आणि चाक यांच्या या गणिताचं शास्त्र विसाव्या शतकाच्या मध्यात मेचिस्वाव्ह बेक्कर या पोलिश अभियंत्याने उभं केलं. अपोलो १५ बरोबर १९७१ मध्ये चंद्रावर गेलेल्या गाडीच्या कामातही त्याचा हात होता.

क्षेत्रफळ वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे हवा कमी करणं. २१०० किलोच्या गाडीत एका चाकावर सरासरी ५२५ किलो येतात. हवा ३३ असेल तर ठसा साधारण २२५ चौरस सेंटिमीटरचा पडतो, २० केली तर ३७० च्या पुढे जातो. रुंदी जेमतेम बदलते, वाढते ती लांबी, ११ सेंटिमीटरवरून साडेअठरापर्यंत. भारीतला टायर घेऊन जे मिळणार, त्यातलं बरंचसं इथे फुकट मिळतं. फक्त डांबरावर परत आलात की आधी हवा भरा. मघाचा ७५ चा आकडा आठवा. कमी हवेवर बाजूच्या भिंती तापतात ते वेगळंच. गाडीत बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर आणि हवेचा गेज ठेवणं, हे मी ए.टी. घेण्याच्या आधीचं काम मानतो.

काळ्या मातीचा दुसरा गुण तिचा चिकटपणा. पावसात शेतातून चाललं की पायताणाला थरावर थर चढत पाय जड होतो, तसं टायरच्या खाचांचं होतं. खाच भरली की कितीही महागाची नक्षी असो, तो गुळगुळीत टायरच. खाचा रिकाम्या होतात त्या चाक फिरण्याच्या वेगाने. ताशी १० किलोमीटरला नक्षीतल्या चिखलावर गुरुत्वाच्या सुमारे दुप्पट जोर बाहेर फेकणारा असतो, ३० ला सुमारे अठरापट. म्हणून उथळ चिखलात थोडा वेग ठेवून निघून जाणारी गाडी पार होते आणि भीत भीत जाणारी अडकते. खोल मातीत मात्र चाक जागच्या जागी फिरवत राहिलात तर ते खड्डा खोदतं आणि गाडी पोटावर बसते. तिथे थांबून हवा कमी करणं आणि चाकापुढे पाचट किंवा दगड टाकणं बरं. अमेरिकेत ए.टी. टायरांचं नाव झालं ते शेजारच्या मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी शर्यतींसारख्या ठिकाणी. तिथली कोरडी वाळू-खडी आणि आपली चिकणमाती यांत फार अंतर आहे. काळ्या मातीसाठी ए.टी. घ्यायचाच तर खाचा रुंद आणि खांद्यापर्यंत मोकळ्या आहेत का ते बघा.

पश्चिमेकडे ए.टी. कामाला येतो तो चिखलापेक्षा दगडामुळे. ताजी फोडलेली बेसाल्टची खडी काचेसारखी धारदार असते. एच.टी.ची भिंत अशा टोकावर फाटली की पंक्चर काढता येत नाही, टायर टाकूनच द्यावा लागतो. चांगल्या ए.टी.च्या भिंतीत धाग्यांचा जास्तीचा थर असतो. तोरण्याच्या बाजूला दगडगोट्यांच्या कच्च्या वाटेने ज्यांचं नेहमी जाणं-येणं असतं, त्यांना मी याच एका कारणासाठी ए.टी. सुचवेन. महिन्यातून एखादा रविवार पानशेत किंवा सिंहगड, आणि एरवी कोथरूड ते हिंजवडी, एवढाच प्रवास असेल तर एच.टी.च घ्या आणि उत्तम प्रतीचा घ्या.

घ्यायचं ठरलं तर मापाशी खेळ करू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर माप आणि हवेचा दाब दिलेला असतो. २५५/६० आर १८ च्या जागी २५५/६५ आर १८ टाकला तर व्यास ७६३ वरून ७८९ मिलिमीटर होतो. काटा १०० दाखवत असताना गाडी १०३ ने धावते, आणि ब्रेकला जास्त मोठं, जास्त जड चाक थांबवावं लागतं. मापापुढचा आकडा वजनाचा आणि अक्षर वेगाचं असतं. ११२ एस म्हणजे ११२० किलो आणि ताशी १८०. मूळ टायरपेक्षा हे कमी नको. मापाच्या आधी एल.टी., म्हणजे लाइट ट्रक, लिहिलं असेल तर तेच वजन पेलायला त्या टायरला हवा जास्त लागते. तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह बर्फाच्या चाचणीचं आहे, पुण्याच्या उन्हाळ्यात त्यासाठी जादा पैसे कशाला मोजायचे? आय.एस.आय.ची खूण मात्र बघा, आणि तारीखही. भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा.

टाकल्यानंतर ए.टी.कडे थोडं जास्त लक्ष द्यावं लागतं. नक्षीवरून तळहात फिरवा, एकदा पुढे, एकदा मागे. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर करवतीसारखं टोचलं, तर ठोकळ्यांची एक कड दुसरीपेक्षा जास्त झिजते आहे. सुटे ठोकळे डांबरावर असेच झिजतात आणि मग केबिनमध्ये घूं असा आवाज वाढत जातो. दर ८ ते १० हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे, मागचे पुढे केले आणि अलाइनमेंट तपासली, तर हे बरंच लांबवता येतं. खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटरच्या उंचवट्याची खूण असते, ती नक्षीच्या बरोबरीला आली की टायर संपला. चिखलासाठी घेतलेला ए.टी. त्याच्या बराच आधी निकामी होतो, कारण अर्धी खोली गेली की खाचेत मातीला जागाच उरत नाही.

आणि स्टेपनी. अनेक जण चारच ए.टी. घेतात आणि मागे जुना एच.टी. तसाच लटकवतात. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत एका चाकाचा व्यास वेगळा पडला की पुढच्या आणि मागच्या अॅक्सलचे फेरे जुळत नाहीत. कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून ठेवलं तर तो ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या अॅक्सलना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीवर येतो. कच्च्या वाटेसाठी टायर घेताय तर पाचवाही त्याच मापाचा, त्याच नक्षीचा घ्या आणि चाकं फिरवताना त्यालाही फेऱ्यात धरा, म्हणजे पाचही सारखेच झिजतील.