टोंगातले दोन 'आपण' आणि दोन 'आम्ही'

'आपण जेवायला जाऊ' आणि 'आम्ही जेवायला जातो' यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्यात तुम्हाला आमंत्रण आहे, दुसऱ्यात तुम्ही आपला डबा उघडायचा. हिंदीत दोन्हीकडे 'हम'च. दक्षिण प्रशांत महासागरातल्या टोंगा या सुमारे 170 बेटांच्या राज्यात मात्र एवढ्यानं भागत नाही. तिथे 'आपण' दोन आहेत आणि 'आम्ही'ही दोन.

किताउआ म्हणजे आपण दोघं, मी आणि तू. किमाउआ म्हणजे आम्ही दोघं, तुला सोडून. माणसं तीन किंवा जास्त झाली की कितौतोलू आणि किमौतोलू. शब्द जरा उसवून पाहा: मधे 'त' आला तर ऐकणारा आत, 'म' आला तर बाहेर. आणि शेपटीला चक्क आकडे आहेत. टोंगन माणूस मोजतो ते 'ताहा, उआ, तोलू' असं. एक, दोन, तीन. संस्कृतातलं 'आवाम्' आणि 'वयम्' पाठ करताना घाम गाळलेल्यांना हे द्विवचन ओळखीचं वाटेल. मराठीनं ते केव्हाच टाकून दिलं.

साम्य आहे म्हणून नातं जोडायला जाऊ नये. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद द्राविडी भाषांच्या शेजारामुळे आला, असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. टोंगन भाषेचं घराणं वेगळंच, ऑस्ट्रोनेशियन. मलय आणि मादागास्करची मालागासी या तिच्या लांबच्या बहिणी. या घराण्यातली भाषा बोलणारे दर्यावर्दी लोक सुमारे 2800 वर्षांपूर्वी होड्यांतून टोंगाला पोचले. 1777 साली कॅप्टन कुक तिथे गेला आणि 'तापू' हा त्यांचा शब्द घेऊन आला. इंग्रजीतला 'टॅबू' तो हाच.

कोण कोणाशी कसं वागणार, हे टोंगन भाषा क्रियापदातही सांगते. साधा माणूस जेवतो ते 'काई'. सरदार जेवला की 'इलो', आणि राजा जेवला तर 'तौमाफा'. जाणं-येणंही तसंच: आपण 'आलू', सरदार 'मेआ', राजा 'हाएले'. आपणही 'जेवा'च्या जागी 'भोजन करावं' म्हणतो, पण ते ऐच्छिक. टोंगात राजासाठी 'काई' वापरणं म्हणजे महाराजांना 'गिळा' म्हणण्यासारखंच.

घरात मात्र सरदारकी वेगळ्या हिशेबानं चालते. राजा पुरुष असला तरी कुटुंबात बहिणीचा मान भावापेक्षा मोठा. त्यामुळे मुलांच्या दृष्टीनं सगळ्यात वरची जागा बापाची नाही, आत्याची. तिला मेहेकितांगा म्हणतात. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा हक्क आपण आत्याला देतो. टोंगात तिचा हक्क त्याच्या कितीतरी पुढे जातो.

हा मान नुसत्या नजरेनंही वाचता येतो. टोंगन लोक कपड्यांवरून कमरेला विणलेली चटई गुंडाळतात, तिला ताओवाला म्हणतात. मयताच्या घरी गेलात तर ती नीट बघा. मृताच्या नात्यात ज्यांचा दर्जा खालचा, त्यांच्या अंगावर भली मोठी, फाटकी, जुनाट चटई असते, कधीकधी पार छातीपर्यंत आलेली. ते मागे चुलीपाशी राबत असतात. आणि आत, मृताच्या उशाशी, आत्याकडची माणसं बसलेली असतात.