मोजमापच नसणे आणि मोजमापाचा अर्थ चुकणे

लिनक्सवर संगणकातील तापमान, व्होल्टेज दाखवणारी ‘सेन्सर्स’ ही आज्ञा दिल्यावर दिसलेला आकडा पटला नाही की सेन्सर बिघडला, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात तिथे दोन वेगळ्या शक्यता असतात. एकीत आकड्यामागे मोजमापच नसते आणि दुसरीत मोजमाप ठीक असूनही त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. दोन्हींचे उपाय वेगळे असल्याने हा फरक आधी ओळखायला हवा.

मदरबोर्डवरील देखरेखीच्या चिपच्या एखाद्या पिनला उत्पादकाने काहीच जोडलेले नसले, तरी तिचाही आकडा यादीत येऊ शकतो. वजा १२८ किंवा १२७ अंश असे टोकाचे आकडे लगेच खटकतात; खरी फसगत होते ती शक्य वाटणाऱ्या आकड्याने. माझ्या जळगावच्या संगणकावर ‘एसीपीआयटीझेड’ या नावापुढे, म्हणजे फर्मवेअरने (मदरबोर्डमधील मूळ सॉफ्टवेअरने) कळवलेल्या तापमानापुढे, कायम २७.८ अंश दिसत. हिवाळ्यात मला त्यात काहीच वावगे वाटले नाही. मे महिन्यात मात्र जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, खोलीतही ३८-३९ अंश असतात, आणि पंख्याच्या हवेवर थंड होणारा चालू संगणकातील भाग खोलीपेक्षा थंड राहूच शकत नाही. तो आकडा मोजलेला नव्हताच. खान्देशातल्या उन्हाळ्यात खोलीत टांगलेला साधा तापमापकही ही तपासणी करून देतो.

दुसऱ्या प्रकाराचे स्पष्ट उदाहरण एएमडीच्या रायझन ७ १८००एक्स प्रोसेसरमध्ये सापडते. त्यातील ‘टीसीटीएल’ हा आकडा पंख्याच्या नियंत्रणासाठी असून तो प्रत्यक्ष तापमानापेक्षा, म्हणजे ‘टीडाय’पेक्षा, २० अंशांनी मुद्दाम वाढवलेला असतो, २७००एक्समध्ये ही वाढ १० अंशांची आहे. ‘टीसीटीएल’ ८५ दिसले, तर १८००एक्सचे खरे तापमान ६५ असते. व्होल्टेजचेही तसेच आहे. १२ व्होल्ट थेट मोजणे चिपला शक्य नसल्याने रोधकांनी तो विद्युतदाब कमी करून तिच्याकडे दिला जातो, आणि मूळ दाब काढण्याचे सूत्र लिनक्सला ठाऊक नसेल तर भलताच आकडा दिसतो.

पारख करण्यासाठी प्रोसेसरच्या सर्व कोअरना, म्हणजे त्यातील गणन-विभागांना, पाच मिनिटे काम द्यावे. प्रोसेसरचा म्हणवला जाणारा आकडा तसूभरही हलला नाही, तर पहिला प्रकार समजावा. तो भाराबरोबर चढला-उतरला, तर मोजमाप जिवंत आहे; मग अर्थ तपासावा, आणि तोही बरोबर निघाला तर उष्णता खरी मानून पंखा उघडावा. जिनिंगच्या परिसरात हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत कापसाचे तंतू अडकलेले असू शकतात.

निरर्थक आकड्यासाठी ‘सेन्सर्स.डी’ फोल्डरमधील स्वतंत्र फाइलमध्ये तो आकडा लपवणारी ‘इग्नोर’ची ओळ लिहावी, तर सूत्र चुकले असेल तिथे योग्य सूत्र देणारी ‘कंप्युट’ची. हे सूत्र त्याच मॉडेलच्या बोर्डाचे असावे, कारण रोधकांची मूल्ये बोर्डागणिक बदलतात.