कॅथलिक वाचकांसाठी सुबोध बायबल

बायबलची जी भाषांतरे कॅथलिक चर्चला मान्य आहेत आणि जी घरी बसून सलग वाचता येतात, त्यांतून आपल्यासाठी एक निवडणे, हा या नोंदीचा विषय. इंग्रजीत अशी भाषांतरे बरीच असल्याने निवडीचा प्रश्न तिथे विशेष जाणवतो.

पहिली पारख पुस्तकांच्या संख्येची. कॅथलिक बायबलमध्ये जुन्या कराराची ४६ आणि नव्या कराराची २७, अशी ७३ पुस्तके असतात. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. तोबित, यहूदीथ, ज्ञानग्रंथ, बेन सिराख, बारूख आणि मक्काबींची दोन पुस्तके, शिवाय एस्तेर व दानिएल यांतले काही भाग, एवढा हा फरक आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने १५४६ मध्ये ही यादी निश्चित केली. हातातली प्रत तपासायची सोपी खूण म्हणजे दानिएलचे पुस्तक. कॅथलिक मांडणीत ते १४ अध्यायांचे असते आणि तेराव्यात सुझान्नाची गोष्ट येते. ते बाराव्यातच संपत असेल, तर उरलेला भाग वेगळ्या विभागात छापला आहे का, हे पाहावे.

दुसरी पारख मान्यतेची. १९८३ च्या चर्च कायद्यातील ८२५ व्या कलमानुसार बायबलच्या भाषांतराला परमधर्मपीठाची (पोप यांच्या व्हॅटिकनमधील सर्वोच्च सत्तेची) किंवा बिशप परिषदेची मान्यता लागते, आणि सोबत पुरेशा टिपाही लागतात. टिपांची ही अट फार मोलाची आहे. संदर्भ हरवला की वाचक अडतो आणि तिथेच पुस्तक मिटतो. वाचनासाठी मिळालेली मान्यता आणि मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेत, वापरण्याची परवानगी या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कॅथलिक भाषांतरे दीर्घकाळ संत जेरोम यांच्या लॅटिन ‘व्हल्गेट’वरून होत. इंग्रजीतले डूए-ऱ्हीम्स (नवा करार १५८२, जुना करार १६०९–१०) त्यातलेच. १९४३ मध्ये पोप बारावे पायस यांनी हिब्रू, ग्रीक अशा मूळ भाषांकडे वळण्यास मोकळीक दिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये तर पवित्र शास्त्र सर्व श्रद्धावंतांना सहज मिळावे, असेच सांगितले. आजची बहुतेक वाचनीय भाषांतरे त्यानंतरची आहेत.

शब्दाला धरून राहायचे की अर्थाला, हा खरा पेच. लूकच्या शुभवर्तमानात (१:३४) येशूची आई होणार हे कळल्यावर मरिया देवदूताला विचारते, हे कसे होईल? ग्रीकमधले पुढचे शब्द शब्दशः ‘मी पुरुषाला जाणत नाही’ असे आहेत. डूए-ऱ्हीम्सने ते तसेच ठेवले. रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जनची कॅथलिक आवृत्ती (१९६६) ‘मला पती नाही’ म्हणते, तर जेरुसलेम बायबल (१९६६) ‘मी कुमारी आहे’ म्हणते. पहिले वाक्य मुळाच्या सर्वांत जवळचे, पण नवख्याला ते थबकवते. तिसरे लगेच कळते, पण ‘जाणणे’ या क्रियापदाचा हिब्रू वळणाचा अर्थ (शरीरसंबंध ठेवणे) त्यात लोपतो. रोजच्या वाचनाला अर्थाकडे झुकणारे आणि अभ्यासाला शब्दाला धरणारे, असे दोन ग्रंथ शेजारी ठेवणे सर्वांत उत्तम.

जेरुसलेम बायबलचा गद्यप्रवाह आजही मोहवतो. त्यातल्या योनाच्या पुस्तकाला ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक जे. आर. आर. टोल्किन यांचा हात लागला आहे. मात्र त्यात देवाचे नाव ‘याहवे’ असे येते आणि २००८ पासून उपासनेत ते नाव उच्चारायचे नाही, असा व्हॅटिकनचा आदेश आहे. न्यू अमेरिकन बायबल (१९७०, सुधारित २०११) टिपांनी समृद्ध आहे. गुड न्यूज बायबलची (१९७६) भाषा सर्वांत सोपी. कॅथलिक वाचकाने तोबित वगैरे जादा पुस्तके असलेली तिची १९७९ नंतरची आवृत्ती घ्यावी.

निवड करताना शुभवर्तमानातले ओळखीचे उतारे वाचून फसगत होते, कारण ते कुठल्याही भाषांतरात गोडच लागतात. त्याऐवजी इफिसकरांस पत्र १:३–१४ मोठ्याने वाचावे. ग्रीकमध्ये हे सारे मिळून एकच वाक्य आहे. त्याची किती वाक्ये केली आहेत, वाचताना दम कुठे लागतो आणि ‘ज्याच्यामध्ये’ म्हणजे नक्की कोणामध्ये हे मागे न वळता कळते का, यावरून भाषांतराची सुबोधता पाच मिनिटांत जोखता येते.

जुन्या प्रती वापरणाऱ्यांनी स्तोत्रांचे क्रमांकही लक्षात घ्यावेत. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ हे स्तोत्र हिब्रू क्रमाने २३ वे, पण व्हल्गेटवर आधारलेल्या प्रतींत २२ वे असते.