पिस्तुलाची आकडी : आतली की बाहेरची

पिस्तूल जाम झालं की पहिला आळ एक्स्ट्रॅक्टरवर, आणि बोलणाऱ्याच्या डोक्यात कैकदा असतो इजेक्टर. सगळा घोळ इथनंच सुरू होतो. एक्स्ट्रॅक्टर म्हणजे स्लाइडमधली (पिस्तुलाचा वरचा, मागं-पुढं सरकणारा भाग) आकडी, आपण चिंचा ओढायला बांबूला बांधतो तशी, ती झाडलेल्या काडतुसाच्या पुंगळीची कड धरून तिला चेंबरमधनं, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या काडतुसाच्या जागेतनं, मागं ओढते. इजेक्टर बहुतेक पिस्तुलांत फ्रेमवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर असतो, मागं आलेली पुंगळी त्याच्यावर आपटून बाहेर उडते. आता आकडीची पकड ढिली असली तर पुंगळी इजेक्टरपर्यंत यायच्या आधीच निसटते आणि स्लाइडमध्ये उभी अडकते, बघणाऱ्याला वाटतं इजेक्टरच गेला. २०१० च्या आसपास एका नावाजलेल्या प्लॅस्टिक फ्रेमच्या ९ एमएम पिस्तुलाची नवी पिढी आली, तिच्या पुंगळ्या थेट चालवणाऱ्याच्या कपाळावर यायला लागल्या. लोक एक्स्ट्रॅक्टर बदलत बसले, कंपनीनं इजेक्टर बदलला, भांडण अजून मिटलं नाही.

एक्स्ट्रॅक्टर स्लाइडच्या आत लपलेला बरा की बाहेरनं दिसणारा, हा आतला-बाहेरचा वाद त्याहून जुना. १९११ मॉडेलच्या अमेरिकन पिस्तुलाचा एक्स्ट्रॅक्टर म्हणजे स्प्रिंग स्टीलची एक लांब पट्टीवजा कांडी, स्लाइडच्या आत बोगद्यात बसणारी, वेगळी स्प्रिंग नाहीच, स्वतःच वाकलेली आणि तोच तिचा ताण. मॅगझिनमधनं वर येणारं काडतूस आकडीखाली खालनं सरकतं. कुणी सुटं काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून स्लाइड सोडली की आकडीला कडेवरनं उडी मारून बसावं लागतं, असं वारंवार केलं की ताण गेला किंवा टोकच तुटलं.

आमच्या साताऱ्याकडं घरटी फौजी, माझे एक काका आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे होते. ते सांगायचे, स्लाइड काढायची, डमी काडतूस आकडीखाली सरकवायचं आणि हलकं हलवायचं. राहिलं तर ठीक, पडलं तर ताण कमी, मग कांडी बोगद्यात अर्धी घालून बेतानं वाकवायची. गेज नाही, बोटांचा अंदाज.

हाय-पॉवर हे बेल्जियमचं पिस्तूल १९३५ चं, तेही सुरुवातीला आतल्याच एक्स्ट्रॅक्टरचं. आपल्या इशापूरच्या रायफल कारखान्याचं ९ एमएम १ए पिस्तूल ज्या कॅनडाच्या युद्धकाळातल्या हाय-पॉवरवरनं आलं, तेही तसंच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हाय-पॉवरच्या मूळ कारखान्यानं एक्स्ट्रॅक्टर बाहेर आणला: छोटी आकडी, पिन आणि मागं कॉइल स्प्रिंग. ताण स्प्रिंगचा, त्यामुळं वाकवावाकवी संपली, बोगदा कोरायचं कामही वाचलं. मला विचाराल तर त्यात सुधारणेइतकीच कारखान्याची सोय होती.

खरी गंमत २००० नंतरची. अमेरिकेत १९११ बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं बाहेरचा एक्स्ट्रॅक्टर घातला, पुंगळ्या अडकायच्या तक्रारी आल्या, काही वर्षांत गपचूप परत आतला आला. आतल्यावाल्यांना तेवढंच पुरे झालं. पण त्याच काळात दुसऱ्यांची बाहेरच्या एक्स्ट्रॅक्टरची १९११ व्यवस्थित चालली, ते कुणी काढत नाही (मीही फार काढत नाही).

आणि ब्लोबॅक पिस्तुलात (ज्यात नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवलेली नसतात) तर पुंगळी दाबानं आपोआपच मागं येते, एक्स्ट्रॅक्टर फक्त तिला इजेक्टरपर्यंत धरून ठेवतो. काही छोट्या इटालियन पिस्तुलांत तो मुळात नाहीच. तिथं बार फुसका निघाला की स्लाइड कितीही ओढा, काडतूस जागचं हलत नाही, नळी मागनं वर उघडून ते हातानं काढायचं.