पाळी बदलताना: आयसीयूतल्या संघकामाची पार्श्वभूमी

मागच्या वर्षी वडील सहा दिवस आयसीयूत होते, इथेच इंदूरला, एका खासगी रुग्णालयात. सकाळी आठला सिस्टरांची पाळी बदलायची. रात्रीची मल्याळी, सकाळची आमच्याच रामबागेतली. दोघींची सामाईक भाषा हिंदी, औषधांची इंग्रजी. तिसऱ्या रात्री वडिलांची लघवी कमी झाली. रात्रीच्या सिस्टरनं ते चार्टवर लिहिलं, पण तोंडी सांगायचं राहून गेलं. कुणाच्या लक्षात येईपर्यंत दुपार झाली. वडील आता बरे आहेत, सकाळी पोहे-जलेबी मागतात (जलेबी आम्ही देत नाही). माझ्या डोक्यात मात्र प्रश्न राहिला: एका खाटेभोवती राबणारी ही आठ-दहा माणसं एकमेकांशी बोलायला शिकली कधी?

आयसीयू म्हटलं की यंत्रं आठवतात, पण त्याचा जन्म हातांतून झाला. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये, श्वासाचे स्नायूही लुळे पाडणाऱ्या पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास देणारी यंत्रं मोजून सात. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. विभागप्रमुख लासेन यांनी, काहीसं नाखुशीनंच, ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला सल्ल्यासाठी बोलावलं. तेव्हा भूलतज्ज्ञ म्हणजे ऑपरेशन थिएटरातला माणूस, वॉर्डात त्याचं काय काम? रक्तात बायकार्बोनेट हा क्षार वाढलेला दिसत होता आणि त्याचा अर्थ सगळे वेगळाच लावत होते. इब्सेन म्हणाले, श्वास पुरत नाही म्हणून कार्बन डायऑक्साइड साठतोय. २७ ऑगस्टला १२ वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन, नळी घालून, रबरी पिशवी हातानं दाबत त्यांनी तिला श्वास दिला. मुलगी वाचली.

पुढे सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले, एका वेळी ७० रुग्णांपर्यंत. रुग्ण शुद्धीवर असायचा, त्याच्या चेहऱ्याकडे बघत दाबायचं. सर्जन, भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि रक्त तपासणारी प्रयोगशाळा प्रथमच एका खाटेशी बांधली गेली. मृत्यूचं प्रमाण सुमारे ८७ टक्क्यांवरून ४०च्या आसपास उतरलं. माझ्या मते या गोष्टीतला मोठा क्षण पिशवीचा नाही. नाखूष असूनही प्रमुखांनी बाहेरच्याचं ऐकलं, तो आहे.

१९५३च्या डिसेंबरात इब्सेन यांनी कोपनहेगनमध्येच कायमचा विभाग उभा केला. १९५६ साली डेन्मार्कमध्येच आपोआप फुगणारी, हातानं दाबून श्वास देणारी अंबू बॅग आली. व्हेंटिलेटर मोकळा नसला की आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत ती अजून नातेवाइकांच्या हातात येते. १९६०मध्ये छाती दाबून हृदय चालू ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. यंत्रं सुधारत गेली, बोलणं होतं तिथंच राहिलं.

त्याचा हिशेब उशिरा मांडला गेला. १९८६मध्ये अमेरिकेतल्या १३ रुग्णालयांच्या आयसीयूतले ५०३० रुग्ण तपासले, तेव्हा चांगल्या-वाईट निकालांचं नातं उपकरणांपेक्षा माणसांच्या समन्वयाशी दिसलं. १९९५च्या इस्रायलमधल्या पाहणीत डॉक्टर आणि परिचारिका यांच्यातलं बोलणं एकूण कामाच्या अवघं २ टक्के होतं. पण नोंदवलेल्या चुकांपैकी ३७ टक्क्यांमध्ये त्याचा हात होता.

धडा आला विमानांकडून. २७ मार्च १९७७ला स्पेनच्या तेनेरीफे बेटावर धावपट्टीवरच दोन जंबो विमानं आदळून ५८३ माणसं गेली. धुकं होतं. उडायला निघालेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनियरनं विचारलं होतं, समोरचं विमान धावपट्टीवरून हटलं नाही का? कॅप्टननं ठासून सांगितलं, हटलंय. इंजिनियर गप्प बसला. त्यानंतर कॉकपिटमधल्या कनिष्ठांना टोकायला आणि वरिष्ठांना ऐकून घ्यायला शिकवणं सुरू झालं. तेच प्रशिक्षण पुढे भूलतज्ज्ञांनी रुग्णालयात आणलं. २००६मध्ये मिशिगनच्या शंभरावर आयसीयूंचा निकाल प्रसिद्ध झाला: मोठ्या शिरेत नळी घालताना पाच पायऱ्यांची यादी, आणि पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार नर्सला. रक्तातला संसर्ग झपाट्यानं घटला.

भारतात क्रिटिकल केअरची, म्हणजे आयसीयूतल्या उपचारांची, राष्ट्रीय संघटना १९९३ची. आमच्या इंदूरचं वैद्यकीय महाविद्यालय १९४८चं, त्यामुळे 'सर' हा शब्द इथे विशेषज्ञांच्या संघटनेहून बराच जुना आहे. थांबवण्याचा अधिकार कागदावर देता येतो. पण आपली सिस्टर सरांना 'हे चुकतंय' म्हणत नाही. ती म्हणते, "सर, एक बार डोस देख लेंगे?" बहुतेक सर बघतात.

सहाव्या दिवशी सकाळी मी दाराशी उभा होतो. रात्रीची सिस्टर चार्टवर बोट ठेवून मोठ्यानं वाचत होती, रामबागेवाली तेच परत म्हणत होती. "यूरिन, चालीस." "चालीस." "पोटॅशियम की रिपोर्ट बाकी." "बाकी."