सीटखालची टॉमी काय करते?

मुंबईतल्या बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या सीटखाली काहीतरी सारून ठेवलेलं असतं. हॉकी स्टिक, एखादं दांडकं, नाहीतर डिकीत असायला हवी ती टॉमी, म्हणजे चाक बदलताना लागणारी लोखंडी कांब. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘असावी हाताशी. रात्री आरेच्या रस्त्याला कोण आडवा येईल, सांगता येतं का?’

त्यात चूक काढणं अवघड वाटतं. पण हत्यार समोरच्यावर चालण्याच्या कितीतरी आधी बाळगणाऱ्याच्या डोक्यात चालू लागतं. 1967 साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात लेनर्ड बर्कोविट्झ आणि अँथनी लपाज यांनी काही विद्यार्थ्यांना मुद्दाम चिडवलं आणि मग चिडवणाऱ्याला विजेचे सौम्य झटके द्यायची मुभा दिली. टेबलावर बंदूक आणि रिव्हॉल्व्हर ठेवलेलं होतं तेव्हा झटके जास्त दिले गेले. बॅडमिंटनची रॅकेट होती तेव्हा कमी. पुढे 2017 मध्ये ब्रॅड बुशमन आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न गाडीत नेला. सिम्युलेटरवर वैताग आणणारी वाहतूक होती आणि शेजारच्या सीटवर कुणासाठी पिस्तूल, कुणासाठी टेनिसची रॅकेट. पिस्तूलवाल्यांनी गाडी जास्त आक्रमकपणे हाणली. पिस्तुलाला कुणी हातही लावला नव्हता.

या संशोधनावर आक्षेपही आहेत. हत्यार दिसलं की मनात आक्रमक विचार येतात, याला पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. त्यातून प्रत्यक्ष कृती किती बदलते, यावर मतभेद आहेत. मला तरी विचार बदलतात एवढंच पुरेसं काळजीचं वाटतं, कारण रस्त्यावर विचार आणि कृती यांत अंतर फारसं उरत नाही.

कुणी कट मारला की मेंदूतला अमिग्डाला धोक्याचा इशारा देतो. अॅड्रिनल ग्रंथी रक्तात अॅड्रेनॅलिन सोडतात, हृदय धडधडू लागतं, स्नायूंकडे रक्त धावतं, नजर एका बिंदूवर खिळते. त्याच वेळी कपाळामागचा मेंदूचा भाग, जो ‘जाऊ दे’ म्हणतो, मागे पडतो. बरं, समोरच्याचा चेहरा दिसत नाही, दिसतो तो बंपर. फुटपाथवर धक्का लागला तर माणूस ‘सॉरी’ म्हणून पुढे जातो. गाडीला ते सांगण्यासाठी हॉर्नशिवाय तोंड नाही, आणि हॉर्न म्हणजे शिवीच वाटते. त्यात उकाड्याची भर. 1986 मध्ये अॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात झालेल्या अभ्यासात हिरव्या सिग्नलला मुद्दाम गाडी अडवून धरली, तर तापमान जितकं जास्त तितका मागच्यांचा हॉर्न जास्त वाजला, आणि खिडक्या उघड्या असलेल्यांचा त्याहून जास्त. ऑक्टोबरात साकीनाक्याला अडकलेल्या रिक्षावाल्याला हे सांगायला संशोधक लागत नाही.

आता ‘नुसती दाखवायला ठेवलीय’ या युक्तिवादाकडे येऊ. 1983 मध्ये सॉल्ट लेक सिटीतले पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी मोजलं, की 21 फुटांवरचा माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर येऊ शकतो. कमरेचं पिस्तूल काढून गोळी झाडायला प्रशिक्षित पोलिसालाही तेवढाच वेळ लागतो. आणि आपल्याकडे तर 21 फूट मिळतच नाहीत. सिग्नलला दोन दरवाजांत हातभर जागा असते. टॉमी बाहेर आली की समोरचाही दगड, हेल्मेट, जे सापडेल ते उचलतो. बाचाबाचीतून माघार घ्यायची जी सोय होती, ती दोघांचीही संपते.

कायदा स्वसंरक्षणाचा हक्क देतो. भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 त्यासाठीच आहेत. पण तो हक्क गरजेपुरताच आहे, आणि धोक्याची रास्त भीती संपली की तोही संपतो. पळणाऱ्याच्या पाठीत घातलेला फटका त्यात बसत नाही. आणि गुन्हा ठरायला हत्यार लागतंच असंही नाही. 1988 मध्ये पटियालात रस्त्यावरच्या वादात मारहाण झाली आणि एका वृद्धाचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांना एक वर्षाची शिक्षा सुनावली. क्रिकेटपटूचा किंवा पैलवानाचा रिकामा हातही हत्यार ठरू शकतो, असं निकालात म्हटलंय.

मग करायचं काय? काच वर, दरवाजे लॉक, आणि खाली उतरायचं नाही. गाडी घासली असेल तरी नाही. पत्र्याचा हिशेब विमा कंपनीशी करता येतो. नजरेला नजर भिडवू नये, तळवे स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत. ‘शांत हो’ हे शब्द तर अजिबात वापरू नयेत, त्यांनी आजवर कुणी शांत झालेलं नाही. ‘चुकलं दादा, माझं लक्ष नव्हतं’ हे वाक्य खोटं असलं तरी चालेल. समोरचा बोलत असेल तर बोलू द्यावं, आपला आवाज मात्र त्याच्याखाली ठेवावा. मोबाइल तोंडासमोर धरला तर आगीत तेल. रेकॉर्डिंग करायचंच तर शेजारच्याने खालून करावं. तो पाठलाग करत असेल तर घराकडे वळू नये, पोलीस चौकीकडे वळावं आणि 112 लावावा. आणखी एक जुनी ड्रायव्हरी सवय कामाला येते: सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर सोडायचं, म्हणजे बाजूने निघायला वाट राहते. बाइकवाल्याला काच नसते. त्याने हेल्मेट काढू नये आणि गाडी बंद करू नये.

निसटल्यावरही पेट्रोल पंपावर थोडं थांबलेलं बरं. अॅड्रेनॅलिन काही मिनिटांत उतरतं, पण कॉर्टिसोल हे दुसरं ताण-संप्रेरक प्रसंगानंतर वीस-तीस मिनिटांनी टोक गाठतं. एका भांडणात तापलेलं शरीर पुढच्या क्षुल्लक कारणावर जास्त भडकतं, हे डॉल्फ झिलमन यांनी 1970 च्या दशकात प्रयोगांतून दाखवलं. म्हणजे कुर्ल्यात चुकवलेली मारामारी सायनला भलत्याच टेम्पोवाल्याशी होऊ शकते.