सरकीचं तेल चाललं, वांगं का अडलं?

जीएम, म्हणजे जनुक बदललेलं अन्न विकत घ्याल का, असं विचारलं की बरेच जण मान हलवून नको म्हणतात. त्यांतल्या अनेकांच्या घरात फरसाणाचा पुडा असतो आणि तो सरकीच्या, म्हणजे कापसाच्या बियांच्या, तेलात तळलेला असू शकतो. या विसंगतीची सुरुवात २००२ साली झाली.

२६ मार्च २००२ रोजी जीएम पिकांना मंजुरी देणाऱ्या केंद्राच्या जीईएसी या समितीने बीटी कापसाला, म्हणजे अळीला मारणारं प्रथिन बनवणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी दिली. वाद झाला तो बोंडअळीचा, बियाण्याच्या किमतीचा आणि उताऱ्याचा. कापूस काही खायचं पीक नाही, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. पण क्विंटलभर कापूस जिनिंगला गेला की ३४-३५ किलो रुई निघते आणि उरते ती बहुतेक सरकीच. शंभर किलो सरकी गाळली की साधारण १२ किलो तेल मिळतं. पेंड दुभत्या जनावरांच्या आंबोणात जाते, तेल रिफाइन होऊन फरसाणवाल्यांकडे आणि हॉटेलांत. दहा वर्षांत देशातलं नव्वद टक्क्यांहून जास्त कापूसक्षेत्र बीटीखाली आलं. ग्राहकाला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही चौकशी केली नाही. २००७ पासून जीएम सोयाबीनचं आयात तेलही असंच शांतपणे आलं.

वांग्याचं तसं झालं नाही. शेंडे आणि फळं पोखरणारी अळी वांग्याच्या आत शिरून बसते. एकदा ती आत गेली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून शेतकरी ती शिरण्याआधीच गाठायला पुन्हा पुन्हा फवारतो, अगदी तोडणीच्या दिवसांतही. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने बीटी कापसातलंच क्राय१एसी जनुक वांग्यात घातलं, तर धारवाडच्या कृषी विद्यापीठाने ते मांजरी गोट्यासारख्या देशी वाणांत उतरवलं. १४ ऑक्टोबर २००९ रोजी जीईएसीने हिरवा कंदील दाखवला. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मात्र निर्णय राखून ठेवून सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यांत नागपूरही होतं. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी स्थगिती दिली आणि ती अजून उठलेली नाही. बांगलादेशात त्याच जनुकाची वांगी जानेवारी २०१४ मध्ये २० शेतकऱ्यांच्या हाती दिली गेली.

विरोधाला शास्त्रीय कारणं होती. चाचण्या बऱ्याचशा कंपनीनेच केल्या होत्या, हा आक्षेप वाजवीच होता. पण आमच्या मते खरा फरक डोळ्यांसमोरच्या वस्तूचा होता. वांगं आख्खं ताटात येतं, सालीसकट भरलं जातं, भाजून भरीत होतं. तेलाचा मूळ दाणा गिऱ्हाईक कधी बघतच नाही. शिवाय महाराष्ट्रात 'हायब्रीड', म्हणजे दोन वाणांच्या संकरातून आलेलं, या शब्दाबद्दलची अढी जुनी आहे. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली तेव्हा पोती भरली, पण भाकरीला चव नाही ही तक्रार कायमची चिकटली. संकरित आणि जीएम यांची गल्लत तिथूनच सुरू होते. बिनबियांची द्राक्षं, लाल-पिवळी ढोबळी, स्वीटकॉर्न हे आपल्या बाजारात जीएम नसतं, तरी त्यांवर संशय घेतला जातो. फळावरच्या स्टिकरवर ८ने सुरू होणारा पाच आकडी क्रमांक म्हणजे जीएम, हा फॉरवर्डही बिनकामाचा: तो क्रमांक राखून ठेवला होता, दुकानात कधी वापरला गेला नाही.

लेबलचा नियम आहे. १ जानेवारी २०१३ पासून जीएम अन्न असलेल्या पाकिटाच्या दर्शनी भागावर सगळ्यात वर 'जीएम' ही अक्षरं हवीत. ती आपण किती पाकिटांवर पाहिली? २०१८ मध्ये दिल्लीच्या सीएसई या संस्थेने ६५ खाद्यपदार्थ तपासले, तेव्हा ३२ टक्क्यांत जीएम अंश सापडला. तेलाच्या बाबतीत तपासणीच अवघड असते. पीसीआर चाचणी डीएनए शोधते, तर बीटी प्रथिन पेंडीत राहतं आणि डिगमिंग, ब्लीचिंग, डिओडरायझेशन या शुद्धीकरणाच्या पायऱ्यांतून गेलेल्या तेलात डीएनए जवळपास उरत नाही. कधी पुसट अंश सापडतो, कधी काहीच नाही. म्हणजे बाटली तपासून भागत नाही, गिरणीपर्यंतची खरेदीची कागदपत्रं लागतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ च्या मसुद्यात एक टक्का किंवा अधिक जीएम घटक असल्यास लेबल सुचवलं, २०२२ मध्ये मसुदा बदलला.

ऑगस्ट २०२१ मध्ये कोंबड्यांच्या खाद्यासाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला केंद्राने मुभा दिली. ती ज्या मोजक्या मार्गांनी यायची होती, त्यांत न्हावाशेवा होतं. सोयाबीन उत्पादक भाव पडण्याच्या भीतीने चिडले. अंडी घेणाऱ्यांकडून मात्र फारसा आवाज उठला नाही.